मेटल डिटेक्टर: साधा घ्यावा की दुप्पट किमतीचा?

या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त माझे "म्हणजे" आणि "काय आहे ना" थोडे कमी केलेत.

आजचा प्रश्न शिरपूर तालुक्यातल्या एका श्रोत्याचा आहे. त्याचा व्हॉइस मेसेज थोडक्यात असा: "भाऊ, कापूस वेचताना वहिनीच्या बोटातली अंगठी शेतात पडली. अर्ध्या तोळ्याची आहे. आम्ही चौघं मित्र मिळून मेटल डिटेक्टर घ्यायचं म्हणतोय. एक साधा आहे, दुसरा त्याच्या साधारण दुप्पट किमतीचा. कोणता घेऊ? आणि घेतलाच तर काकांच्या शेताला लागून जुनी गढी आहे, तिथंही फिरवून बघू."

यात दोन प्रश्न आहेत. अंगठीचा सोपा आहे, गढीचा सोपा नाही. आधी अंगठी.

फोनमधलं ॲप सोनं शोधत नाही

"मेटल डिटेक्टर" नावाची फुकट ॲप तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी टाकून पाहिली असतील. फोनमध्ये होकायंत्रासाठी मॅग्नेटोमीटर नावाचा सेन्सर असतो. तो चुंबकीय क्षेत्र मोजतो. लोखंड जवळ आलं की आकडा वाढतो, म्हणून मातीखाली दोन-चार बोटांवर दबलेलं व्हॉल्व्हचं झाकण त्याने सापडू शकतं. पण सोनं, चांदी, तांबं यांना चुंबक ओढत नाही, त्यामुळे अंगठीवर फोन ठेवला तरी ॲप गप्पच बसणार. अंगठीसाठी ते ॲप आजच काढून टाका.

खरा डिटेक्टर काय करतो

खऱ्या डिटेक्टरच्या खालच्या चकतीत तारेची वेटोळी असतात. त्याला कॉइल म्हणतात. एका वेटोळ्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह जातो आणि जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. खाली धातू असला की त्याच्यात छोटासा प्रवाह फिरायला लागतो. त्या प्रवाहाचं स्वतःचं क्षेत्र वर येतं आणि दुसरं वेटोळं ते पकडतं. परत आलेली लहर मूळ लहरीपेक्षा किती मागे पडली, यावरून यंत्र अंदाज बांधतं की खाली लोखंड आहे की दुसरा काही धातू.

इथं एक गणित लक्षात ठेवा, कारण विकणारा ते सांगणार नाही. कॉइलपासून लांब गेलं की क्षेत्र अंतराच्या घनाने कमी होतं. जाताना एकदा कमी आणि परत येताना पुन्हा तेवढंच कमी. म्हणजे वस्तू दुप्पट खोल गेली की सिग्नल साधारण ६४ पट कमी होतो. म्हणून दुप्पट पैसे मोजले तरी दुप्पट खोली मिळत नाही. अंगठीएवढी वस्तू चांगल्या यंत्राला वीतभर खोलीपर्यंत सापडली तर समाधान माना. हंड्याएवढी वस्तू जास्त खोलीवर कळते, पण "दहा फुटांवरची अंगठी दाखवतो" असं कोणी म्हणालं, तर तिथून उठून चहा प्यायला जा.

मग जास्तीचे पैसे कशाचे? त्याचं उत्तर आपल्या जमिनीत आहे.

काळ्या जमिनीचा हिशोब

खान्देशची काळी जमीन बेसॉल्ट झिजून तयार झालेली आहे. धुळे-साक्री-नंदुरबारकडे गेलात तर मैलोन्‌मैल सरळ रेषेत गेलेल्या काळ्या दगडाच्या भिंतीसारख्या टेकड्या दिसतात. लाव्हा भेगांमध्ये गोठून त्या झाल्या, भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. या दगडात मॅग्नेटाइटसारखी लोहखनिजं असतात आणि झिजून ती मातीत उतरतात. परिणाम असा की डिटेक्टरला वाटतं, अख्खं शेतच धातूचं आहे. कॉइल जरा वर-खाली झाली की आवाज.

यावर इलाज म्हणजे ग्राउंड बॅलन्स. सोप्या भाषेत, यंत्राला "ही माती आहे, हिच्याकडे लक्ष देऊ नकोस" असं शिकवणं. स्वस्त आणि महाग यंत्रातला आपल्या कामाचा फरक मुख्यतः इथंच आहे.

उदाहरणाला गॅरेट या अमेरिकन कंपनीची दोन मॉडेलं घेऊ, कारण त्यांची नावं खूप जणांनी ऐकलेली असतात. एस ३०० हा सुरुवातीचा डिटेक्टर. तो ८ किलोहर्ट्झवर चालतो आणि त्याचा ग्राउंड बॅलन्स कारखान्यातच ठरवून दिलेला असतो, तुम्हाला बदलता येत नाही. एटी प्रो साधारण दुप्पट किमतीचा. तो १५ किलोहर्ट्झवर चालतो आणि जास्त फ्रिक्वेन्सी छोट्या सोन्याच्या वस्तूला बरी असते. त्यात ग्राउंड बॅलन्स आपोआपही होतो आणि हातानेही लावता येतो. त्याची कॉइल डबल-डी प्रकारची आहे, जी अशा खनिजवाल्या जमिनीत कमी गोंधळते. शिवाय तो १० फूट पाण्यात बुडला तरी चालतो. एसची फक्त कॉइल पाण्यात चालते, वरचा डबा नाही.

काळ्या जमिनीत एस ३०० निकामी होतो असं नाही. फार ओरडायला लागला की त्याची सेन्सिटिव्हिटी कमी करायची. आवाज थांबतो, पण खोलीही कमी होते. म्हणजे दुप्पट पैशात तुम्ही जास्त खोली विकत घेत नाही. आपल्या मातीत जी खोली हातची जाते, ती वाचवता.

अंगठी, मंगळसूत्र आणि औषधाच्या बाटलीचं सील

दोन्ही यंत्रांना "नको तो धातू वगळ" असं सांगता येतं. मोह होतो की कचरा सगळा बंद करू, फक्त सोन्यावर वाजू दे. इथंच घोटाळा होतो. सोन्याची छोटी अंगठी आणि ॲल्युमिनियमची पन्नी यांचे आकडे स्क्रीनवर जवळजवळ एकाच जागी येतात. कीटकनाशकाच्या बाटलीचं सील, गोळ्यांच्या पाकिटाचा तुकडा हे सगळं त्याच रांगेत. पन्नी वगळली की अंगठीही वगळली जाते. म्हणून फक्त लोखंड वगळा आणि बाकी प्रत्येक आवाजावर वाका. बांधावर सीलं फेकायची सवय असेल, तर वाकून वाकून कंबर दुखेल. दुसरा रस्ता नाही.

आणखी एक. मंगळसूत्र पडलं असेल तर वाट्या सापडण्याची शक्यता बरी, पण बारीक साखळीची नाही. साखळीतली प्रत्येक कडी यंत्राला वेगळी, एवढीशी वस्तू वाटते आणि सिग्नल फारच क्षीण येतो. हे लाखाच्या यंत्रालाही लागू आहे.

मग कोणता घ्यायचा?

माझं मत स्पष्ट सांगतो.

अंगठी याच हंगामात पडली असेल आणि शेत नांगरलेलं नसेल, तर ती वरच्या चार-सहा बोटांच्या मातीत असण्याची शक्यता जास्त. तिथवर साधा डिटेक्टर, सेन्सिटिव्हिटी कमी करूनही, पोहोचतो. दुप्पट पैसे घालू नका. ओळखीत कोणाकडे असेल तर एक दिवस मागून आणा, विकत घ्यायचीही गरज नाही. वाचलेल्या पैशातून पिनपॉइंटर घ्या. टॉर्चएवढं यंत्र असतं, खड्ड्यात घालून ढेकळाच्या नेमक्या कोणत्या बाजूला धातू आहे ते दाखवतं. चिकट काळ्या मातीत त्याने निम्मा वेळ वाचतो.

नांगरट झाली असेल, नदीपात्रात शोधायचं असेल, किंवा गावातल्या लोकांच्या हरवलेल्या वस्तू शोधून द्यायचं काम पुढे करायचं असेल, तर महाग घ्या. तिथं ग्राउंड बॅलन्सचे पैसे वसूल होतात.

पण एक गोष्ट दोन्हीपेक्षा मोठी आहे: वेळ. काळी जमीन उन्हाळ्यात फाटते. हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि वरची वस्तू सरळ खाली जाते. कापसाच्या वेचणीत पडलेली अंगठी मे महिन्यात शोधायला निघालात, तर कोणतंही यंत्र असो, उशीर झालेला असेल. पऱ्हाट्या उपटल्यावर आणि नांगर घालण्याआधी, हाच मुहूर्त.

घेण्याआधी दुकानदाराला सांगा, "शेतात दाखव." हवेत सगळी यंत्रं हुशार असतात. धातू नसलेल्या मातीवर कॉइल वर-खाली करा. वाजत राहिली, तर ती मातीवर वाजतेय. मग दोरा बांधलेली अंगठी चार बोटं पुरून पाहा. रुपयाचं नाणं पुरून परीक्षा घेऊ नका. सध्याचं रुपयाचं नाणं स्टेनलेस स्टीलचं असतं, चुंबकाला चिकटतं, त्यामुळे सोन्याची परीक्षा त्यावर होत नाही.

शोधताना दोरीने तीन-चार फुटांचे पट्टे पाडा. कॉइल जमिनीला जवळजवळ टेकवून, सावकाश, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढवून फिरवा. विहिरीवरची मोटर बंद ठेवा आणि खिशातला फोन बांधावर ठेवा. दोन्हींमुळे खोटे आवाज येतात. वरून विजेची मोठी लाइन जात असेल तर सेन्सिटिव्हिटी आणखी कमी करा.

तिसरं यंत्र, जे घ्यायचंच नाही

या दोघांपेक्षाही महाग एक प्रकार व्हिडिओंत दिसतो. हातात धरायची दांडी, पुढे अँटेना, आणि दावा असा की शंभर मीटरवरचं सोनं दाखवते. असल्या दांड्यांची जगातली सगळ्यात वाईट गोष्ट ऐका. ब्रिटनच्या एका माणसाने गोल्फचे चेंडू शोधायच्या खेळण्यावरून एडीई ६५१ नावाचं "बॉम्ब शोधक" यंत्र बनवलं आणि इराकला हजारो डॉलरला एक या भावाने विकलं. आत काम करणारं काहीच नव्हतं. चौक्यांवर सैनिक ते हातात घेऊन उभे राहिले. २०१३ मध्ये ब्रिटनच्या कोर्टाने त्याला १० वर्षांची शिक्षा दिली. सोन्याची दांडी त्याच जातीची आहे. जळगावला सुवर्णनगरी म्हणतात ते सराफ बाजारामुळे भो, जमिनीमुळे नाही.

दांडीच्या पाठोपाठ कधी कधी मांत्रिकही येतो. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

आता गढी

इथं मी आमच्या श्रोत्या मित्राला सरळ सांगतो: गढीवर डिटेक्टर नेऊ नकोस. स्वस्तही नाही, महागही नाही.

१८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडवलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. मालक कोणी निघाला नाही तर कायद्यात शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश असा वाटाही आहे. सरकारला ती वस्तू हवी असेल तर त्यातल्या धातूची किंमत आणि वर एक पंचमांश देऊन घेता येते. पण कळवलं नाही, तर वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या महेश्वर मंदिरासारखी संरक्षित जागा असेल, तर परवानगीशिवाय खणणं हाच गुन्हा.

कायदा बाजूला ठेवा, तरी एक कारण उरतं. १९७४ मध्ये प्रवरेकाठच्या दायमाबादला एका शेतकऱ्याला झाडाची मुळं खणताना काशाच्या चार भरीव वस्तू मिळाल्या: बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा, म्हैस. एकूण वजन ६० किलोच्या वर. त्या माणसाने काही वाईट केलं नव्हतं. पण वस्तू शास्त्रीय उत्खननातून, थर पाहत निघाल्या नाहीत, म्हणून त्या नेमक्या कोणत्या काळाच्या यावर अभ्यासकांत वाद झाला. वस्तू हातात आहेत आणि त्यांचा काळ वादात.

आपल्याकडेही गिरणाकाठचं बहाळ, तापीकाठचं प्रकाशे इथं १९५० च्या दशकात उत्खननं झाली आणि हजारो वर्षांची वस्ती थराथराने वाचता आली. गढीच्या मातीतही असेच थर असतात. बीप आली म्हणून फावडं घातलं की ते पान फाटलं. नाणं तुमच्या खिशात येतं, त्याची गोष्ट जाते. गढीबद्दल उत्सुकता असेल तर फोटो काढा, गावातल्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करा आणि धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जाऊन विचारा. १९२७ पासून ती संस्था इतिहासाचंच काम करतेय.

तर मंडळी, हिशोब असा: ताजी हरवलेली वस्तू असेल तर साधा डिटेक्टर, पिनपॉइंटर आणि नांगराच्या आधीची वेळ. नेहमीचं काम असेल तर ग्राउंड बॅलन्सवाला महाग. दांडीवाल्याला नमस्कार. तुमच्याकडे कोणता डिटेक्टर आहे आणि तुमच्या जमिनीत तो कसा वागतो, ते व्हॉइस मेसेजवर पाठवा. जमीन काळी, मुरमाड की गाळाची, हे सांगायला विसरू नका. भेटू पुढच्या भागात.