नव्वद सेकंदांची हजेरी

मी कवितेचा माणूस. बी. ए. झालो आणि पोटासाठी आधी भोसरीच्या, मग चाकणच्या कारखान्यांत स्टोअर सांभाळलं. संगणकाशी माझा संबंध चलन छापण्यापुरता. त्या चलनानेच एका पावसाळी सकाळी मला शहाणं केलं.

चाकणच्या मोटार कारखान्यांत सुटे भाग फार साठवत नाहीत. लागेल तसा माल मागवतात. आमच्यासारख्या छोट्या पुरवठादाराचा टेम्पो अडला, की तासाभरात फोन खणखणू लागतात. त्या दिवशी टेम्पो भरून दारात उभा होता आणि चलन निघेना. रात्री वीज गेली होती, यूपीएसची बॅटरी केव्हाच थकलेली. सकाळी लिनक्सचा सर्व्हर उठला, पण त्यावरचा डेटाबेस उठेना. सुरू करावा, दीड मिनिट थांबावं, की पडद्यावर एकच शब्द : टाइमआउट. आम्ही पाच वेळा सुरू केला आणि पाचही वेळा तो पडला.

शेजारच्या गाळ्यातला एक हुशार म्हणाला, 'त्या लॉगच्या फायली उडवा, लगेच चालू होईल.' नशीब, मी आधी भाच्याला फोन लावला. तो जवळजवळ ओरडलाच, 'मामू, काही पुसू नका!'

का, ते सांगतो. जुने मुनीम आधी रोजकीर्दीत नोंद करीत, मग सवडीने ती खतावणीत उतरवीत. डेटाबेसही तेच करतो. वीज अचानक गेली, तर काही नोंदी नुसत्या रोजकीर्दीतच राहतात. म्हणून उठल्यावर तो आधी त्या नोंदी खतावणीत चढवतो आणि मगच दार उघडतो. या कामाला दहा सेकंद लागतील किंवा दहा मिनिटंही. रोजकीर्दच फाडली, तर आदल्या दिवसाचा माल कुठे गेला ते कोण सांगणार?

मग त्याला मध्येच पाडत कोण होतं? बहुतेक लिनक्समध्ये सिस्टिमडी नावाचा एक मुकादम असतो, 2010 सालापासूनचा. तो प्रत्येक सेवेला उठवतो आणि हातात घड्याळ धरून 'हजर' अशा हाकेची वाट पाहतो. वेगळं काही सांगितलं नसेल तर 90 सेकंद. तेवढ्यात हाक आली नाही, की हा गडी बिघडला असं धरून त्याला खाली बसवतो. आमचा गडी बिघडलेला नव्हता, आत वही लिहीत होता. आम्ही पुन्हा सुरू केलं, की बिचाऱ्याचं काम जवळजवळ पहिल्यापासून!

आमचा डेटाबेस होता मारियाडीबी. त्याचा कर्ता मॉन्टी विडेनियस. त्याने आधीच्या मायएसक्यूएलला थोरल्या मुलीचं, मायचं, नाव दिलं आणि 2009 साली वेगळी चूल मांडली तेव्हा धाकट्या मारियाचं. मला हे ऐकून त्या यंत्राबद्दल उगीच माया वाटू लागली.

भाच्याने फोनवरूनच कामाला लावलं. आधी डिस्क भरली आहे का पाहा, कारण जागा संपली तरी डेटाबेस उठत नाही. जागा होती. मग जर्नलसीटीएलने नोंदी वाचायला सांगितल्या. मी अक्षर अक्षर लावून वाचलं : क्रॅश रिकव्हरी सुरू, आणि दीड मिनिटाने मुदत संपली. 'हेच ते,' तो म्हणाला. मूळ फाइलीला हात न लावता 'सिस्टिमसीटीएल एडिट'ने एक जोडपत्र उघडायचं, त्यात सर्व्हिस या मथळ्याखाली टाइमआउटस्टार्टसेक म्हणून 900 लिहायचं. पंधरा मिनिटं. नव्या आवृत्त्यांत ही मुदत मुळातच वाढवलेली असते. आमची जुनी होती.

पुन्हा सुरू केलं. तिसऱ्या मिनिटाला मालकांचा हात बटणाकडे गेला, तो मी धरला. नोकरीत पहिल्यांदाच. सातव्या मिनिटाला पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. आदल्या संध्याकाळचं शेवटचं चलनसुद्धा जागेवर होतं. टेम्पो तासभर उशिरा गेला. यूपीएसच्या बॅटरीचा अर्ज मी त्याच दुपारी मालकांच्या टेबलावर ठेवला.