घास कुठे अडतो?

मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयाचा एंडोस्कोपी विभाग. सकाळचे साडेआठ. बाकडी भरलेली, उरलेले लोक भिंतीला टेकून उभे. सगळे रात्रीपासून उपाशी. पंखा गरगरतोय, उकाडा हटत नाही. मावशी दारातून नाव पुकारतात, "पाणी नाही ना प्यायलात? कवळी असेल तर काढून नातेवाइकांकडे द्या."

माझ्या शेजारच्या बाई केसपेपरांची पिशवी मांडीवर घेऊन बसल्यात. छातीच्या मधोमध बोट ठेवून सांगतात, "इथं अडकतं." भाकरी केव्हाच सुटली, आता पेजेवर भागतंय. आधी दुर्बीण टाकून झाली. अन्ननलिकेचं अस्तर गुळगुळीत. एके ठिकाणी बाहेरून दाब आल्यासारखं दिसतंय, एवढंच. घरचे म्हणतात, मनाचं आहे.

त्यांचा नंबर लागतो. आत एसीचा गारठा, दिवे मंद. घशात बधिरतेचा कडू फवारा मारतात. बाई डाव्या कुशीवर वळतात. दातांमध्ये प्लास्टिकची कडी, हाताला गुंगीचं इंजेक्शन. काळी नळी हळूहळू आत सरकते. हिच्या टोकाला कॅमेऱ्यासोबत सोनोग्राफीचा छोटा प्रोब आहे. छातीवरून सोनोग्राफी केली तर फुप्फुसातली हवा आणि हाडं आड येतात. म्हणून आतूनच पाहायचं.

नळीवर सेंटिमीटरच्या खुणा आहेत. दातांपासून साधारण 30 सेंटिमीटरवर, श्वासनलिकेला फाटा फुटतो त्याच्या खाली, डॉक्टर थांबतात. पडद्यावर अन्ननलिकेची भिंत उमटते. पांढरा, काळा, पांढरा, काळा, पांढरा : पाच थर. चौथा स्नायूंचा. लायोमायोमाची साधी गाठ बहुधा तिथूनच उगवते. इथे पाचही थर शाबूत आहेत. भिंतीपलीकडे मात्र काळपट गाठींचा पुंजका.

"डॉपलर लावा." रक्तवाहिन्या रंगात दिसू लागतात. त्यांना चुकवून 22 गेजची सुई गाठीत शिरते, मागे-पुढे होते. थोडा नमुना काचपट्टीवर, थोडा क्षयाच्या तपासणीसाठी बाटलीत. आपल्याकडे छातीतल्या अशा गाठींमागे क्षय पुष्कळदा असतो. पण लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कर्करोग) किंवा दुसरीकडून पसरलेला कर्करोगही असू शकतो. नुसत्या चित्रावरून ठरवता येत नाही.

बाहेर नवरा डॉक्टरांना गाठतो. "साहेब, कॅन्सर आहे का?"

"रिपोर्टआधी सांगणार नाही. टीबी निघाला तर साधारण सहा महिने गोळ्या, सरकारी केंद्रात मोफत. बरा होतो. दुसरं काही निघालं तर त्याचेही उपचार लगेच सुरू करू."

तो मान डोलावतो, आणि मग हळूच विचारतो, "म्हणजे तिला खरंच अडकत होतं?"

"खरंच अडकत होतं," डॉक्टर म्हणतात. हे घरी सगळ्यांना सांगायला हवं. कॅमेऱ्यात अस्तर चांगलं दिसलं, तरी घास अडकतो म्हणणाऱ्या माणसाची तक्रार तिथे संपत नाही.