मळणी यंत्राचा फिरता दांडा आणि त्याचे कवच

अमरावती जिल्ह्यातील भातकुली तालुका पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात मोडतो. भूगर्भातील पाणी खारे असल्याने खरिपाची पिके आणि जमिनीतील ओलीवर येणारा हरभरा यांवर येथील शेतीची मुख्य भिस्त आहे. ओल उडण्यापूर्वी सोयाबीनचे वावर मोकळे करावयाचे असते. साहजिकच ट्रॅक्टरवर चालणारी मळणी यंत्रे हंगामात रात्रीही थांबत नाहीत.

ट्रॅक्टरची शक्ती यंत्रापर्यंत नेणारा पी.टी.ओ. शाफ्ट सामान्यतः मिनिटास ५४०, म्हणजे सेकंदास ९ फेरे घेतो. दांड्याचा घेर २५ सेंटिमीटर धरला, तरी धोतराचा सोगा किंवा लुगड्याचा पदर अडकताच एका सेकंदात सव्वादोन मीटर कापड त्यावर गुंडाळले जाते. चालकास हाक मारण्याइतकाही अवधी मिळत नाही.

यावर उपाय म्हणजे दांड्याभोवतीचे प्लॅस्टिकचे नळीवजा कवच. आतील दांडा फिरतो. कवच मात्र साखळीने बांधलेले असल्यामुळे स्थिर राहते. दोन्ही टोकांचे सांधे घंटेच्या आकाराच्या टोपणांनी झाकलेले असतात. मग कवचे दिसेनाशी का होतात? सांध्यांना वारंवार ग्रीस द्यावे लागते. त्यासाठी कवच काढले जाते आणि कामाच्या घाईत ते पुन्हा बसत नाही. हा दोष केवळ चालकाचा मानणे न्यायाचे नाही. तो रचनेचाही आहे. सुधारित कवचांत म्हणूनच ग्रीस देण्यापुरती झरोकेवजा जागा ठेवलेली असते, आणि कवच न उतरवता काम भागते.

मळणी यंत्राच्या तोंडाबाबत हाच विचार पूर्वी झाला आहे. भारतीय मानक ९०२० नुसार पीक सारण्याची पन्हळ किमान ९०० मिलिमीटर लांब व त्यापैकी ४५० मिलिमीटर झाकलेली असावी, जेणेकरून हात आतील ढोलापर्यंत पोहोचूच नये. १९८३ च्या धोकादायक यंत्रे (नियमन) अधिनियमाने अशा यंत्रांच्या उत्पादकांस परवाना आवश्यक केला.

अपघातानंतरच्या साहाय्याची बाजू तोकडी आहे. राज्याच्या २०२३ च्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यू झाल्यास २ लाख रुपयांची तरतूद आहे. परंतु ती खातेदार शेतकरी व त्याच्या कुटुंबातील एका सदस्यापुरती. यंत्रात पीक सारणारा भूमिहीन मजूर तिच्यात बसत नाही.

यंत्र गावात आल्यावर पंचायत सदस्यांना एक तपासणी सहज करता येईल. ट्रॅक्टर बंद करून, किल्ली काढून व साखळी सोडून कवच हाताने फिरवून पाहावे. ते दांड्यावर सुटे फिरले पाहिजे. दांड्याला चिकटून अडत असेल, तर ते चालू यंत्रात दांड्याबरोबरच फिरू लागेल. तपासणीनंतर साखळी पुन्हा अडकवावयास विसरू नये.