खाकरून आत येणारी माणसं

जुन्या घरांत ओटीवरून माजघरात जाताना दारावर टकटक करायची पद्धत नव्हती. दार दिवसभर सताड उघडं असायचं. म्हणून सासरा किंवा थोरला दीर उंबऱ्याच्या अलीकडेच घसा खाकरायचा आणि क्षणभर थांबायचा. तेवढ्यात आतल्या सुना डोक्यावरून पदर घ्यायच्या, पाय पसरून तांदूळ निवडत बसलेली सावरून बसायची, चाललेली कुजबुज थांबायची. मग ‘सूनबाई, पाणी द्या जरा’ म्हणत मंडळी आत.

परसातल्या संडासाचा व्यवहारही असाच चाले. दाराची कडी मोडलेली, कुठे तर नुसतं गोणपाट लावलेलं. बाहेर टमरेल घेऊन येणारा लांबूनच खाकरायचा. आत कोणी असेल तर आतूनही खाकरल्याचा आवाज यायचा आणि येणारा मुकाट्याने मागे फिरायचा. कोण आहे, किती वेळ लागेल, काही विचारायचं नाही, सांगायचं नाही. माणसं भरपूर आणि दारं कमी अशा घरांत एकमेकांची लाज राखण्याची ही मोठी सोय होती. पातळ कागद लावलेल्या दारांच्या जुन्या कोरियन घरांतही पुरुष मोठ्याने घसा साफ करून आल्याची वर्दी देत असत.

ही सोय सगळ्यांना सारखी नव्हती, हेही सांगायला हवं. ओटीवर पाहुणे बसलेले असताना नवऱ्याला आत बोलवायचं तर बाई खाकरत नसे. ती दाराआड उभी राहून बांगड्या वाजवी, नाहीतर दाराची कडी. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही आणि चारचौघांत आवाजही काढायचा नाही, मग उरतं काय? पुरुषाचं खाकरणं म्हणजे ‘मी येतोय’ अशी सूचना होती. बांगड्यांची किणकिण म्हणजे ‘जमलं तर या’ अशी विनंती. कचेरीत हा भेद आजही जाणवतो. बैठकीत साहेबांनी घसा साफ केला की खोली गप्प होते. कारकून फाईल घेऊन दारात खाकरला, तर साहेबांची मान वर होईपर्यंत त्याला थांबावं लागतं.

शब्दांनी टोकण्यापेक्षा खाकरणं सौम्य का वाटतं, याचं उत्तर संभाषणाच्या घडणीत आहे. हार्वे सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन या अमेरिकी अभ्यासकांनी 1974मध्ये बोलण्याच्या पाळीचे नियम मांडले. साधारणपणे एका वेळी एकच माणूस बोलतो, आणि वाक्य पुरं होण्याच्या सुमारास पाळी बदलण्याची जागा तयार होते. पुढे 2009मध्ये दहा भाषांचा एक तौलनिक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचं अंतर सरासरी 200 मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे एका सेकंदाचा जेमतेम पाचवा भाग, असं त्यात आढळलं. इतक्या थोड्या वेळात वाक्य जुळवून बोलणं अवघडच. ऐकणाऱ्याची तयारी समोरचा बोलत असतानाच सुरू झालेली असते. खाकरणारा त्या फटीत नुसता आवाज ठेवतो. त्याला बोलायचंय हे कळतं, पण बोलणाऱ्याचं वाक्य तोडलं जात नाही. पाळी सोडायची की आणखी दोन वाक्यं पुढे रेटायची, हे बोलणाऱ्याच्याच हातात राहतं.

शिवाय या आवाजाबद्दल कोणी जाब विचारू शकत नाही. घशात काहीतरी अडकलं होतं, एवढं म्हटलं की झालं. टोकणारा आणि टोकला गेलेला, दोघांचाही मान राहतो.

पण हीच पळवाट लबाडीलाही उपयोगी पडू शकते. आपल्याकडचं ‘कौन बनेगा करोडपती’ ज्या ब्रिटिश कार्यक्रमावरून आलं, त्यात सप्टेंबर 2001मध्ये चार्ल्स इन्ग्रॅम या लष्करी मेजरने दहा लाख पौंडांपर्यंत मजल मारली. तो पर्याय एकेक करून मोठ्याने उच्चारायचा आणि बरोबर पर्यायाशी प्रेक्षागृहातून खोकला यायचा, असा आरोप झाला. चित्रीकरणात एकूण 192 खोकले मोजले गेले. त्यातले 19 महत्त्वाचे असल्याचं सरकार पक्षाने सांगितलं. 2003मध्ये न्यायालयाने मेजर, त्याची पत्नी आणि खोकणारा स्पर्धक या तिघांनाही दोषी ठरवलं. आपण निर्दोष असल्याचं ते सांगत राहिले. नुसता खोकला आणि खुणेचा खोकला वेगळे काढायला न्यायालयात आठवडे गेले.

मार्च 2020मध्ये भारतात फोन लावला की आधी खोकल्याचा आवाज ऐकू यायचा, मग करोनाची सूचना. त्या काळात लिफ्टमध्ये कोणी सहज खाकरलं तरी माना वळायच्या. बैठका पडद्यावर गेल्या तेव्हा दुसरीच पंचाईत झाली. आवाज पोहोचायला होणारा किंचित उशीर ती सेकंदाच्या पाचव्या भागाएवढी फट बुजवून टाकतो. खाकरणं पोहोचेपर्यंत पुढचं वाक्य सुरू झालेलं असतं. म्हणून तिथे हात वर केल्याचं चित्र दाबावं लागतं.

घशाला मात्र हा शिष्टाचार सोसत नाही. खाकरताना स्वरतंतू घट्ट मिटतात, खालून हवेचा दाब वाढतो आणि ती झटक्यात बाहेर पडताना तंतू एकमेकांवर जोरात घासतात. कधीमधी केलं तर काही बिघडत नाही. सवय लागली की तंतूंना सूज येते, सुजेमुळे घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं आणि माणूस पुन्हा खाकरतो. शिक्षक, कीर्तनकार, गायक यांना हा फेरा फार महागात पडतो. त्यांना आवाजाचे तज्ज्ञ घोटभर पाणी प्यायला, नाहीतर नुसता आवंढा गिळायला सांगतात.