कानात बसेल तोच वाजेल

कानात घालायचा इअरफोन कोणता चांगला, या प्रश्नावर दोन जाणकारांचं एकमत होणं कठीण. एकजण म्हणतो, बेस दणदणीत आहे. दुसरा तोच नग आपल्या कानात घालतो आणि विचारतो, ‘बेस कुठाय?’ दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नसतं. यंत्र तेच असलं तरी कान वेगळे असतात, आणि या प्रकारच्या इअरफोनमध्ये आवाज घडण्याचं निम्मं काम कानाच्या नळीतच होतं. डब्यावर छापलेले आकडे बरोबर असतात, पण तो इअरफोन कुणाच्या कानात कसा बसणार, हे डब्याला ठाऊक नसतं.

मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण 25 मिलिमीटर लांब आणि सात-आठ मिलिमीटर रुंद असते. ती सरळ नसते, नागमोडी वळण घेत पडद्यापर्यंत जाते. बाहेरचा एक तृतीयांश भाग मऊ कूर्चेचा, आतला हाडाचा. जबड्याचा सांधा या नळीला अगदी खेटून असल्यामुळे माणूस चणे खातो, गातो किंवा जांभई देतो तेव्हा नळीच्या बाहेरच्या भागाचा आकार बदलतो. शिवाय एकाच माणसाचे दोन्ही कान तंतोतंत सारखे नसतात. डाव्या कानाला मधल्या मापाचं रबर आणि उजव्याला लहान, अशी जोडी लागणारे लोक पुष्कळ असतात. त्यात कसलाही दोष नाही.

बेस जातो कुठे, तर फटीतून. इअरफोन आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये हवेची एक इवलीशी बंदिस्त जागा राहते. ही जागा खरोखर बंद असेल, तर इअरफोनमधला काही मिलिमीटरचा पडदासुद्धा खर्जातला दाब सहज उभा करतो. रबर आणि कातडी यांच्यात बारीक फट राहिली, की संथ लहरींचा दाब तिथून निसटतो. वरचे सूर त्या मानाने शाबूत राहतात. म्हणून नीट न बसलेला इअरफोन ‘बंद’ वाटत नाही, ‘पातळ’ वाटतो. ऐकणारा कंपनीला नावं ठेवतो आणि आवाज वाढवतो.

याची परीक्षा घरच्या घरी होते. फोनवर 50 हर्ट्झचा अखंड सूर लावावा आणि इअरफोन बोटाने अगदी हलकेच आत दाबावा. दाबल्याबरोबर सूर फुगला आणि बोट काढताच ओसरला, तर फट आहे असं समजावं. हे दोन्ही कानांचं वेगवेगळं तपासावं. फट एकाच बाजूला असेल, तर गाणं एका कुशीवर कललेलं ऐकू येतं आणि ऐकणाऱ्याला आपल्याच कानाची शंका यायला लागते.

खर्जाचा हिशोब फटीवर, तर वरच्या सुरांचा खोलीवर. उघड्या कानात ही नळी एका बाजूने खुली असते आणि 3000 हर्ट्झच्या आसपासचा आवाज आपोआप 10 ते 15 डेसिबलनी वाढवते. माणसाच्या बोलण्यातली व्यंजनं आपल्याला स्पष्ट कळतात, त्यात या वाढीचा मोठा वाटा आहे. इअरफोनने नळीचं तोंड बंद केलं, की ही नैसर्गिक वाढ नाहीशी होते. ती भरपाई बनवणाऱ्याला आवाजातच करून द्यावी लागते. त्याच वेळी बंद नळीत एक नवा अनुनाद तयार होतो. पडद्यापासून इअरफोनच्या टोकापर्यंत 21 मिलिमीटर अंतर असेल, तर तो साधारण 8000 हर्ट्झवर येतो. टोक दोन मिलिमीटर आणखी आत सरकलं, की 9000 हर्ट्झपर्यंत चढतो. गायिकेचा ‘स’ सुरीसारखा टोचणं किंवा न टोचणं अशा दोन मिलिमीटरांवर ठरतं. प्रयोगशाळेत इअरफोन मोजण्यासाठी कानाची नक्कल करणारं प्रमाणित धातूचं उपकरण वापरतात. त्याचा अनुनादही बहुधा 8000 हर्ट्झच्या आसपास जुळवलेला असतो. त्यामुळे आलेखात त्या जागी दिसणारा उंचवटा प्रत्येक खऱ्या कानात त्याच जागी येईल, असं नाही.

कानात नीट बसण्याची ही गोष्ट ज्यांनी सगळ्यात आधी गांभीर्याने घेतली, ते श्रवणयंत्रांच्या जगातले होते. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात मीड किलियन यांनी 1983 मध्ये एटिमोटिक रिसर्च ही कंपनी काढली. त्याआधी ते श्रवणयंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या नोल्स कंपनीत होते. एटिमोटिकने सुरुवातीला कानात घालून श्रवणचाचणी घेण्याची उपकरणं बनवली. 1991 मध्ये त्यांचा ‘ईआर-4’ आला आणि आजच्या चांगल्या इअरफोनची वंशावळ तिथून मोजली जाते. त्यात प्रत्येक बाजूला एकच बॅलन्स्ड आर्मेचर होतं. श्रवणयंत्रांतून आलेली ही रचना अशी: चुंबकांच्या मध्ये एक बारीक पातं तोलून धरलेलं असतं, भोवती तारेचं वेटोळं असतं, आणि पात्याची थरथर एका नाजूक काडीतून छोट्या पडद्याला पोचते. नेहमीच्या डायनॅमिक इअरफोनमध्ये वेटोळं थेट पडद्यालाच चिकटवलेलं असतं. आर्मेचर अगदी लहान जागेत मावतं आणि बारकावे सुरेख दाखवतं, पण फट त्याला अजिबात खपत नाही. म्हणूनच किलियन यांच्या मंडळींनी त्याला एकावर एक तीन छत्र्या असलेलं रबर दिलं आणि ते नळीत चांगलं खोलवर बसवायला सांगितलं. नीट बसलं, तर बाहेरचा गोंगाट 35 डेसिबलहून जास्त खाली येतो. बॅटरी नाही, चिप नाही, नुसत्या रबराच्या जोरावर.

ईआर-4 सगळ्यांना मानवत नाही, हेही खरं. इतक्या आत काहीतरी घालायचं म्हटल्यावर पुष्कळांच्या अंगावर काटा येतो. सवय लागायला काही दिवस जातात, आणि काहींना ती लागतच नाही. पण खोल बसवण्याचा एक मोठा फायदा आहे. कान बंद करून बोललं, की आपलाच आवाज डोक्यात घुमतो, चावणं आणि पावलं टाकणंसुद्धा ढमढम ऐकू येतं. ही घुमारी नळीच्या बाहेरच्या मऊ भागाच्या कंपनामुळे येते. टोक आतल्या हाडाच्या भागापर्यंत पोचलं, की ती बरीच कमी होते.

रंगमंचावरच्या कलाकारांची वाट वेगळी होती. व्हॅन हेलन या रॉक बँडचे ध्वनितंत्रज्ञ जेरी हार्वी यांनी 1995 मध्ये ड्रमवादक अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी कानाच्या साच्याप्रमाणे इअरफोन घडवला. खर्जासाठी वेगळं आणि वरच्या सुरांसाठी वेगळं यंत्र त्यात होतं. त्यातूनच ‘अल्टिमेट इअर्स’ ही कंपनी उभी राहिली. रंगमंचावर कलाकाराकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरचा आवाज ड्रमच्या वर चढवायचा, म्हणजे कानाचं नुकसान ठरलेलंच. कान आधी बंद केला, तर गाणाऱ्याला आपला सूर पुष्कळ कमी आवाजात ऐकता येतो.

असा साचा घेण्याचं काम ऑडिओलॉजिस्ट करतात. आधी दोरा बांधलेला स्पंजाचा छोटा गोळा नळीत ठेवतात, म्हणजे पुढचं द्रव्य पडद्यापर्यंत जात नाही. मग सिलिकोनचं मऊ मिश्रण पिचकारीने भरतात आणि ते घट्ट होईपर्यंत थांबतात. गायकाचा साचा घेताना त्याच्या दातांत एक ठोकळा देऊन तोंड उघडं ठेवतात. तोंड मिटून घेतलेल्या साच्याचा इअरफोन पहिल्या आकारालाच हवा सोडेल. जबड्याचं कानाशी असलेलं नातं इथे अगदी डोळ्यांनी दिसतं.

दुसऱ्या टोकाला अ‍ॅपलचे साधे एअरपॉड्स आहेत. 2016 च्या डिसेंबरमध्ये ते बाजारात आले. त्यांना रबर नाही. कानाच्या वाटीत ते नुसते टेकतात. घालायला सोपे, कान मोकळा राहतो, रस्त्यावर मागून येणाऱ्या गाडीचा आवाजही कळतो. पण खर्ज प्रत्येकाला वेगळा मिळतो आणि लोकलच्या डब्यात गाण्यातली निम्मी नजाकत खडखडाटात बुडते. 2019 मध्ये त्याच कंपनीने ‘प्रो’ काढले तेव्हा त्यांना रबर दिलं, आणि रबर नीट बसलं की नाही हे तपासण्याची सोयही फोनमध्ये दिली. आतल्या बाजूचा माइक कानातला आवाज ऐकून हा निवाडा करतो. त्यांतली गोंगाट पुसणारी यंत्रणा मुख्यतः खालच्या घरघरीवर काम करते. लहान मुलाचं रडणं, भांड्यांचा आवाज, शेजारच्याच्या गप्पा अडवायला शेवटी रबरच लागतं.

म्हणून इअरफोनच्या डब्यात मिळणारी रबरं तशीच ठेवून देणं हा मोठा तोटा आहे. बहुतेक लोक आधीपासून लावलेलं मधलं माप तसंच वापरतात. सिलिकोनचं रबर धुता येतं आणि टिकतं. फोमचं टोक चिमटीत दाबून बारीक करायचं, कानात घालायचं आणि फुगेपर्यंत अर्धं मिनिट बोटाने धरून ठेवायचं. ते कानाच्या वेड्यावाकड्या आकारालाही धरतं आणि वरचे सूर किंचित मऊ करतं. काही महिन्यांत मात्र बदलावं लागतं. सिलिकोन बसवण्याचीही एक रीत आहे. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन पाळीचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, म्हणजे नळीचं वळण जरा सरळ होतं. मग रबर किंचित ओलं करून हलकेच फिरवत आत न्यायचं. काढताना हिसका देऊ नये. आधी थोडं तिरकं करून हवा आत येऊ द्यावी, नाहीतर पडद्यावर ताण येतो.

आता तुलना. दोन इअरफोन पारखायचे असतील, तर दोन्हींचा आवाज आधी सारखा करणं अत्यावश्यक आहे. खर्ज आणि अतितार सूर कमी आवाजात आपल्याला कमीच ऐकू येतात, हे बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच दाखवून दिलं. थोडा मोठा वाजणारा इअरफोन म्हणूनच नेहमी अधिक भरीव वाटतो आणि दुकानात तोच जिंकतो. दोन्हींवर एकाच गायकाचा एकच तुकडा, सारख्या आवाजात, पाठोपाठ ऐकावा. सुराच्या पोताची आठवण फार वेळ टिकत नाही. काल ऐकलेल्याची आजच्याशी केलेली तुलना भरवशाची नसते.

मराठी रसिकाकडे यासाठी उत्तम साधनं आहेत. तानपुरा घ्या. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथले कारागीर घोडीच्या पृष्ठभागावर आणि तारेखालच्या सुती दोऱ्यावर जी मेहनत घेतात, ती जवारीसाठी. जवारी म्हणजे एका तारेतून उमलणाऱ्या वरच्या स्वरांशांची रांग. इअरफोन कानात उथळ बसला असेल, तर तीच जवारी चरचरीत लागते. जास्त दबलेल्या आवाजात ती विझते. तबल्याच्या शाईमुळे त्याचे स्वरांश एकमेकांशी सुरेल नातं धरतात, यावर सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलं होतं. तबल्याची चाट आणि थाप स्वच्छ वेगळी कळते का, हे पाहावं. आणि डग्ग्यावर मनगट घासत नेलेली मींड खालपर्यंत सलग जाते का, की मध्येच गळते, हेही ऐकावं. ज्याने बैठकीत समोर बसून डग्गा ऐकला आहे, त्याला यातली लबाडी क्षणात कळते. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या मात्र या कामाला घेऊ नयेत. त्या काळच्या 78 फेऱ्यांच्या मुद्रणात खोल खर्ज उतरलेलाच नाही, मग इअरफोन तो कुठून देणार?

चांगला आवाज म्हणजे कसा, याचंही संशोधन झालं आहे. हर्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐकणाऱ्यांच्या पसंतीच्या चाचण्या घेतल्या आणि 2017 मध्ये कानात घालायच्या इअरफोनविषयीचे निष्कर्ष मांडले. कोणता सूर किती जोरात असावा हे दाखवणारी त्यांची ‘हर्मन रेषा’ आज अनेक कंपन्या मापदंड म्हणून समोर ठेवतात. चीनमधल्या मूनड्रॉपसारख्या कंपन्यांनी या मापदंडाच्या जवळ जाणारे इअरफोन थोडक्या पैशांत आणले आणि महागड्या नावांची मक्तेदारी मोडली. रेषा उपयोगी आहे. पण ती सरासरी कानासाठी आहे, आणि नीट बसलेल्या इअरफोनसाठी.

तेव्हा खरेदीचा सल्ला सरळ आहे. हातातला इअरफोन नापसंत असेल, तर नवा घेण्याआधी वेगवेगळ्या मापांच्या रबरांवर थोडा खर्च करावा. फोमची एक जोडीही पाहावी. त्यातून सुधारलं नाही, तरच पुढचा विचार. रबरं आठवड्याला धुवावीत, जाळीत मळ साचू देऊ नये, आणि पावसाळ्यात ओल्या कानात इअरफोन घालू नये. दमट कानात बुरशी लवकर धरते. कान दुखत असेल किंवा वाहत असेल, तर इअरफोन बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावं. रेल्वेचे रूळ किंवा रस्ता ओलांडताना तो काढलाच पाहिजे, कारण जो इअरफोन उत्तम बसतो, तोच हॉर्नही अडवतो.

नीट बसलेल्या इअरफोनचा सगळ्यात मोठा लाभ गाण्यापेक्षाही कानाला आहे. गोंगाट आधीच अडला, की आवाज वाढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसाने आठवड्याला 40 तास ऐकायचं, तर आवाज 80 डेसिबलच्या वर नसावा. दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते: 83 ला 20 तास, 86 ला 10, आणि 89 ला फक्त पाच. मुलांसाठी 40 तासांची मर्यादा 75 डेसिबलवरच थांबते. बहुतेक फोनमध्ये आवाजाची कमाल मर्यादा बांधून ठेवता येते. घरात इअरफोन वापरणारं मूल असेल, तर ती आजच बांधून ठेवावी.