फायबरच्या होडीच्या डेकसाठी टिकाऊ जलरोधक लेपाची निवड : कळंबा परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फुटांची धोका पातळी बरीच ओलांडली. पूरग्रस्त गावांत तेव्हा होडी हेच सुटकेचे साधन उरले होते. पुरासाठी राखलेली फायबरची होडी वर्षातील बहुतेक काळ उन्हात पडून असते आणि गरज पडताच तिच्यावर वृद्ध, मुले व सामान चढवावे लागते. ओल्या डेकवर त्यांचा पाय टिकणे हे बऱ्याच अंशी त्यावरील लेपावर अवलंबून असते. हा लेप कसा निवडावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

फायबर डेकचे स्वरूप :

काचतंतूंचे थर पॉलिस्टर रेझिनमध्ये भिजवून फायबरचे कवच तयार होते. त्यावरील जेलकोटचा थर साधारणतः अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो. सूर्याच्या अतिनील किरणांनी तो निस्तेज होतो, भुकटी सोडतो व पुढे त्यास बारीक तडे जातात. फायबर लाकडाप्रमाणे कुजत नाही. तथापि अनेक होड्यांच्या डेकमध्ये दोन थरांच्या मधे प्लायवूड असते. खुंट्या, कड्या व कठड्यांच्या बोल्टांच्या छिद्रांतून झिरपलेले पाणी तेथे साचून प्लायवूड कुजते. त्यामुळे लेपाचा विचार करण्यापूर्वी डेक लहान हातोडीने ठोकून पाहावा. आवाज बद्द आल्यास आतील थर सुटला अथवा भिजला असण्याची शक्यता असते. अशा डेकवर कोणताही रंग टिकत नाही. प्रथम छिद्रे बंद करणे आणि भिजलेला भाग बदलणे आवश्यक ठरते.

उपलब्ध पर्याय :

१) साधा ऑइल पेंट : हा स्वस्त व सर्वत्र मिळणारा असला, तरी फायबरवर त्याची पकड कमी असते. पायांच्या घर्षणाने व सततच्या ओलाव्याने तो पापुद्र्यांनी निघतो.

२) इपॉक्सी : याची पकड व जलरोधकता उत्तम असते, मात्र उन्हात तो पिवळा पडून भुरभुरतो. म्हणून तो अखेरचा थर न ठेवता खालचा थर म्हणून वापरणे योग्य होय.

३) जेलकोट : मूळ थराच्या जातीचाच असल्याने लहान दुरुस्तीस तो उपयुक्त ठरतो. संपूर्ण डेकवर तो समान जाडीत लावून घासणे कष्टाचे असते.

४) दोन घटकांचे पॉलियुरेथेन : रंग व हार्डनर एकत्र करून लावावयाचा हा लेप ऊन, पाणी व घर्षण यांस दीर्घकाळ तोंड देतो. त्यातील अ‍ॅलिफॅटिक प्रकारच उन्हासाठी निवडावा.

यावरून इपॉक्सी प्रायमर व त्यावर अ‍ॅलिफॅटिक पॉलियुरेथेनचे दोन थर, ही रचना उघड्यावरील डेकसाठी सर्वांत समर्पक ठरते. केवळ चकचकीत लेप ओला झाल्यावर घसरडा होतो. त्यासाठी पहिल्या ओल्या थरावर बारीक खर पेरावी, वाळल्यावर सुटे कण झाडावेत व त्यावर दुसरा थर द्यावा. रंग फिकट असावा. गडद डेक उन्हात इतका तापतो की अनवाणी पाय ठेवणे अशक्य होते.

पृष्ठभागाची तयारी :

लेप अकाली निघण्याचे कारण अनेकदा डब्यातील रंगात नसून खालच्या मेणात असते. साच्यातून काढलेल्या फायबरवर मेणाचा अंश राहतो. तो द्रावकाने पुसण्याआधीच घासकाम केल्यास मेण ओरखड्यांत रुतते. म्हणून आधी मेण काढावे, नंतर घासावे. स्वच्छ पाणी ओतल्यावर ते थेंबांत न तुटता सलग पसरले, तरच पृष्ठभाग तयार झाला असे समजावे.

हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांहून कमी आणि पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअसने अधिक असावे, हा रंगकामातील सर्वमान्य संकेत आहे. कोल्हापूरच्या पावसाळ्यात ही अट पाळणे कठीण होते. त्यामुळे हे काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, पहाटेचे दव वाळल्यानंतर करणे हितावह होय.

कळंब्याच्या संदर्भातील विशेष दक्षता :

कात्यायनी परिसरातील ओढ्यांचे पाणी साठविणारा कळंबा तलाव पिण्याच्या पाण्याचा स्रोत आहे. त्यामुळे येथे टिकाऊपणाबरोबर पाण्याची शुद्धता हाही निकष ठरतो. घासकाम, रंगकाम व भांडी धुणे काठापासून दूर व्हावे. धूळ गोळा करावी आणि लेप पूर्ण पक्व झाल्यावरच होडी पाण्यात उतरवावी. समुद्रातील होड्यांच्या तळास शंख-शिंपले चिकटू नयेत म्हणून लावला जाणारा ताम्रयुक्त रंग येथे अनावश्यक असून जलचरांस अपायकारक आहे. पॉलियुरेथेनच्या हार्डनरमधील आयसोसायनेटमुळे दमा उद्भवू शकतो. त्यामुळे फवारणीऐवजी रोलर वापरावा. योग्य श्वसनरक्षक मुखवटा, हातमोजे आणि खेळती हवा अनिवार्य मानावी.

समारोप :

८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी होडी उलटून अनेकांचा मृत्यू झाला. मर्यादित प्रवासीसंख्या, समतोल व जीवरक्षक जाकिटे यांना कोणताही लेप पर्याय ठरू शकत नाही. किंबहुना रंगकाम करताना होडीवर लिहिलेली क्षमता झाकली जाणार नाही, हेही पाहिले पाहिजे. कोरडा गाभा, मेणरहित पृष्ठभाग, योग्य ऋतू आणि खरखरीत अखेरचा थर, या क्रमाने केलेले काम महागड्या परंतु घाईने लावलेल्या रंगापेक्षा अधिक टिकते आणि पुराच्या दिवशी होडीत चढणाऱ्याच्या पायाला आधार देते.