पऱ्हाटी जाळू नका, तोलून विका

वर्धा जिल्ह्यात फेब्रुवारी-मार्च महिन्यांत संध्याकाळच्या वेळी देवळी, हिंगणघाट किंवा समुद्रपूरच्या रस्त्याने गेलात तर शेताशेतांतून धूर उठताना दिसतो. कापूस वेचून झालेला असतो. शेतकरी पऱ्हाटी उपटतो, बांधाला ढीग घालतो, थोडी घरच्या चुलीसाठी नेतो आणि उरलेली पेटवून मोकळा होतो. त्याच आठवड्यात त्याच तालुक्यातला बेकरीवाला, रंगारी, हॉटेलवाला लाकडाच्या टालेवर उभा राहून भावाची घासाघीस करीत असतो. एकीकडे माल फुकट जळतो आणि दुसरीकडे गिऱ्हाईक मालासाठी हिंडते. व्यापारी माणसाला हे पाहून गप्प बसवत नाही.

मी कापडाचा व्यापारी. काही वर्षे आमच्या घरी रंगाईचे छोटे काम होते. एका पावसाळ्यात एका टालवाल्याकडून स्वस्तात लाकूड घेतले. काट्यावर वजन बरोबर, भावही कमी. पण भट्टी काही धरेना. नुसता धूर, आणि रंगाच्या कढईला उकळी यायला दुप्पट वेळ. महिनाअखेर हिशेब केला तेव्हा कळले की आम्ही लाकूड नव्हे, पाणी विकत घेतले होते. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी असते. ते पाणी उडविण्यातच उष्णता खर्च होते. तेव्हापासून एक गोष्ट पक्की झाली. जळण किलोवर विकले जाते, पण घेणाऱ्याने ते उष्णतेवर घ्यावे.

माल किती आहे?

वर्धा जिल्ह्यात कापसाचा पेरा सुमारे दोन लाख हेक्टरच्या आसपास असतो. एका हेक्टरातून साधारण दोन टन वाळलेली पऱ्हाटी निघते असे धरू. म्हणजे ढोबळ हिशेबाने वर्षाला चार लाख टन. यातली निम्मी घरच्या चुलींना आणि शेतातच गाडायला सोडली तरी दोन लाख टन उरते. तुरीच्या तुराट्या वेगळ्या.

मालाचा कसही हलका नाही. चांगल्या वाळलेल्या पऱ्हाटीच्या एका किलोत सुमारे ४,००० किलोकॅलरी उष्णता असते. आपल्याकडच्या साध्या दगडी कोळशाच्या ती जवळपास बसते. भाताच्या कोंड्याची राख वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतकी पडते. पऱ्हाटीची त्याहून पुष्कळ कमी.

हा विचार वर्ध्याला नवा नाही. १९३४ साली येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जे. सी. कुमारप्पा यांनी मगनवाडीत त्याचे काम उभे केले. धूर बाहेर काढणारी मगन चूल याच मगनवाडीची. कुमारप्पांनी आपल्या अर्थशास्त्रात दोन प्रकारची संपत्ती सांगितली. एक साठ्याची, जसे कोळसा व तेल, जी काढली की संपते. दुसरी वाहत्या पाण्यासारखी, जी दरवर्षी पुन्हा येते. पऱ्हाटी ही दुसऱ्या प्रकारची. पुढे १९७६ पासून वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने आणि आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेने गावाच्या साधनांवर काम चालविले. ज्ञान गावात आहे, मालही गावात आहे. मधला व्यापारी तेवढा नाही.

ढीग नको, तुकडे करा

पऱ्हाटी लवकर उचलण्यात शेतकऱ्याचाही फायदा आहे. २०१७ च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीने केलेले नुकसान कोणी विसरलेले नाही. ही अळी उरलेल्या बोंडांत आणि पऱ्हाटीच्या ढिगात दडून पुढच्या हंगामापर्यंत टिकते. म्हणून फरदड घेऊ नका, डिसेंबर-जानेवारीत शेत मोकळे करा, ढीग साठवू नका, असे कृषी खाते सांगत असते. पण मोकळे करायला मजुरी लागते आणि हातात काही येत नाही, म्हणून शेतकरी टाळतो. त्याला पऱ्हाटीचे चार पैसे मिळाले तर उपटणीची मजुरी तरी सुटेल.

घेणाऱ्याने मात्र माल आणून अख्खा रचू नये. ट्रॅक्टरवर चालणारे तुकडे करण्याचे यंत्र शेतातच न्यावे. सुट्या पऱ्हाटीची ट्रॉली दिसायला डोंगर, पण काट्यावर हलकी. तुम्ही हवेचे भाडे भरता. तुकडे केले की त्याच ट्रॉलीत कितीतरी जास्त वजन बसते, माल लवकर वाळतो आणि अळीही मरते.

पुढची पायरी ब्रिकेटची. बाजारात याला पांढरा कोळसा म्हणतात. भुसा करून, ओल आठ ते बारा टक्क्यांवर आणून, यंत्रात जोराने दाबला की लाकडातलाच चिकट अंश उष्णतेने मऊ होतो आणि गोळा धरतो. डिंक किंवा शेण काही लागत नाही. ओल जास्त असेल तर ब्रिकेट फुटते, एवढे ध्यानात ठेवावे. कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या नागपूर येथील जिनिंग केंद्रात पऱ्हाटीपासून ब्रिकेट व पेलेट करण्याचे काम झाले आहे. यंत्र घेण्याआधी तेथे एक फेरी मारावी.

यंत्र नंतर, खरेदी आधी

आता खरी गोष्ट. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थाने कर्ज काढून ब्रिकेटचे यंत्र बसविले. पहिला उन्हाळा बरा गेला. जुलैत कच्चा माल संपला, जो होता तो भिजला. यंत्र बंद, हप्ता चालू. दुसऱ्या वर्षी यंत्र विकले. यंत्रात खोट नव्हती, खरेदीत होती.

हिशेब मांडून पाहा. तासाला ५०० किलोचे लहान यंत्र आठ तास चालले तर दिवसाला ४ टन, ३०० दिवसांत १,२०० टन. हेक्टरी दोन टन धरले आणि दोनपैकी एकाच शेतकऱ्याने माल दिला, तर तुम्हाला १,२०० हेक्टर कापसाच्या मुलखात फिरावे लागेल. शिवाय हा सगळा माल जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांतच मिळतो. समजा तोडणी-वाहतुकीसह किलोला दोन रुपये पडले, तर २४ लाख रुपये तीन महिन्यांत मोजून द्यायचे आणि वर्षभर थोडे थोडे परत घ्यायचे. वर पावसाळ्यासाठी पत्र्याचे शेड आणि आगीची राखण वेगळी.

म्हणजे हा धंदा यंत्राचा नाही. हंगामात रोखीने घेणे, ओल पाहून भाव ठरविणे, नीट साठविणे आणि बारा महिने पुरविणे, असा हा धंदा आहे. कापूस, धान्य, चामडे यांच्या व्यापारात आपले बांधव पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत आले. म्हणून पहिल्या वर्षी यंत्र घेऊच नये. वीस-पंचवीस किलोमीटरच्या आतली दहा गावे धरावी, तुकड्यांचा माल घ्यावा आणि तो तसाच विकून पाहावा. गिऱ्हाईक बसले, पावसाळा निभावला, की मग यंत्र.

गिऱ्हाईक कोण?

केंद्र सरकारने औष्णिक वीज केंद्रांना कोळशात शेतीचा उरलेला माल मिसळून जाळण्याचे धोरण ठरविले. २०२३ च्या सुधारित धोरणात २०२४-२५ पासून ५ टक्के आणि २०२५-२६ पासून ७ टक्के प्रमाण सांगितले गेले. हे गिऱ्हाईक मोठे, पण त्याला माल एकाच दर्जाचा आणि मोठ्या प्रमाणात लागतो. लहान माणसाने जवळची भट्टी पाहावी.

हिंगणघाटच्या एका वयस्कर बेकरीवाल्यांना मी विचारले, तर ते म्हणाले, "सेठ, मैदा महाग झाला तर पाव लहान करता येतो. भट्टी लहान करता येत नाही." त्यांचे दुखणे बरोबर आहे. पण भट्टी लहान करता आली नाही तरी सुधारता येते. साध्या उघड्या चुलीत जळणाच्या उष्णतेपैकी दहा टक्क्यांच्या आसपासच भांड्याला लागते. सुधारलेल्या चुलीत वीस-पंचवीसपर्यंत जाते. म्हणजे चूल नीट केली की अर्धे जळण वाचते. भट्टीला जाळी, हवेची वाट आणि धुराडे नसेल तर पांढरा कोळसाही काळाच धूर देतो.

एक इशारा मोठ्या शहराचा. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतील लाकूड व कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा इतर हरित इंधनाकडे वळण्यास सांगितले. दारे-खिडक्यांचे रंगविलेले भंगार लाकूड जाळणाऱ्यांचे दिवस संपत आले आहेत. आपल्या गावी असा नियम येण्याची वाट न पाहता धुराची व्यवस्था आजच करावी, आणि पैसा घालण्याआधी नगर परिषदेत व प्रदूषण नियंत्रण मंडळात चौकशी करावी.

गरिबाची चूल

शेवटी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. आज ज्या पऱ्हाटीला भाव नाही, तीच शेतमजूर बाई डोक्यावर मोळी घेऊन फुकट घरी नेते. गॅसचा सिलिंडर अनेक घरांत आला, पण तो भरायला दर वेळी पैसे नसतात. उद्या आपण पऱ्हाटी विकत घेऊ लागलो की शेतकरी तिला म्हणेल, "बाई, आता हात लावू नको." मग ती कोठे जाईल? बोर अभयारण्याच्या बाजूच्या गावांत तर जंगलात लाकडाला जाणे म्हणजे वाघाच्या वाटेवर जाणे. २०१४ पासून तो व्याघ्र प्रकल्प आहे.

म्हणून गावाशी सौदा करतानाच दोन अटी घालाव्या. ज्या घरांची चूल या पऱ्हाटीवर चालते त्यांचा वाटा आधी बाजूला काढावा. आणि उपटणी व बांधणीचे काम त्याच बायांना रोख मजुरीने द्यावे. यात दानधर्म नाही, व्यापाराची अक्कल आहे. ज्या गावाची चूल विझवून माल आणला, त्या गावात दुसऱ्या वर्षी कोणी माल देत नाही.

येत्या जानेवारीत ज्यांना हे करून पाहायचे असेल त्यांनी दिवाळीपूर्वी दहा शेतकरी, दोन भट्टीवाले आणि एक ट्रॅक्टरवाला यांना एकत्र बसवावे. भाव, ओल आणि पैसे देण्याची तारीख तेवढी कागदावर लिहून घ्यावी. वजनकाटा मात्र स्वतःचा असावा.